तिसरी बाई चालत नाही

मुदखेडच्या एका आजोबांनी मला एकदा विचारलं होतं, "मॅडम, लेकरू त्या नळीत उभं ऱ्हातं का आडवं?" लग्नाला आठ वर्षं झालेल्या सुनेला ते स्वतः घेऊन आले होते, मुलगा लाजून बाहेर थांबला होता. मी हसले नाही. 'टेस्ट ट्यूब बेबी' हे नावच फसवं आहे. नांदेडला आम्ही केंद्र सुरू केलं तेव्हा माझा निम्मा दिवस हेच समजावण्यात जायचा, की नळीबिळी काही नसते, एक चपटी बशी असते. बाईला इंजेक्शनं देऊन बीजांडं वाढवायची, सोनोग्राफीत बघत सुईनं ती बाहेर काढायची, नवऱ्याच्या शुक्रजंतूंशी बशीत त्यांची गाठ घालून द्यायची आणि गर्भ तयार झाला की तो पुन्हा पिशवीत सोडायचा. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे सगळे पिशवीच म्हणतात. त्यापुढचं आमच्या हातात नसतं. कित्येक जणी रिकाम्या हातानं परत जातात. हे आधी सांगितलं तरी कुणाला ऐकू येत नाही.

या कामात माणसं जे विचारतात, त्यानं मी शेवटपर्यंत चकित होत राहिले. दात्याचं बीज वापरायची वेळ आली की आमचे हिंदू पेशंट आधी दार लावून घेत आणि हळूच विचारत, "आपल्याच जातीचा मिळंल का, मॅडम?" अडाणी नव्हे, प्राध्यापक विचारत. मुसलमान जोडप्यांचा प्रश्न वेगळा असे, आणि तो ते दार उघडं ठेवून विचारत: "यात तिसरं कुणी न्हाई ना?" बिलोलीचे एक शिक्षक स्वतःचा नमुना देऊन प्रयोगशाळेच्या दाराशी उभेच राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, "बसतो, पण मला दिसंल असं बसतो. अदलाबदल झाली तर कयामतीला मी काय सांगू?"

हळूहळू त्यांचे नियम मलाही पाठ झाले. बीज नवऱ्याचं, बीजांड बायकोचं, पिशवी तिचीच, आणि हे सगळं निकाह टिकून असताना. तलाक झाला किंवा नवरा वारला, तर गोठवून ठेवलेला गर्भही वापरायचा नाही, कारण ज्या नात्यावर तो उभा आहे ते नातंच उरत नाही. दात्याचं बीज नाही, दुसरीचं बीजांड नाही, भाड्याची कूस नाही. या सगळ्यामागे एकच शब्द, नसब. म्हणजे वंश. मूल कुणाचं, यात तसूभर शंका राहता कामा नये. काही शिया विद्वान थोडी मोकळीक देतात असं ऐकून होते, पण आमच्याकडे येणारे बहुतेक सुन्नी. नियम इतके सरळ असताना घोटाळा होईल कशाला, असं मला वाटायचं. फरहत येईपर्यंत वाटायचं.

फरहतला मी पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपाच्या दिवशी दुपारी. मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात नवीन लागले होते. सकाळपासून ट्रक येत होते. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या ट्रकमध्ये ही पोरगी होती, एकोणीस-वीसची, सात महिन्यांची गरोदर. दगडी भिंत अंगावर पडली होती. बाळ गेलेलंच होतं, पिशवी फाटून पोटभर रक्त साचलं होतं. आमच्या सरांनी टाके घालून पिशवी वाचवायचा प्रयत्न केला, पण धागा धरायला धड जागाच उरली नव्हती. शेवटी पिशवी काढली. बीजांडकोश दोन्ही शाबूत होते, ते सर म्हणाले राहू दे. मी मदतनीस होते, तिची नाडी बघत उभी होते. शुद्धीवर आल्यावर तिनं मला विचारलं, "पुढच्या बारीला तरी वाचंल का?" पुढची खेप नाही, हे तिला मीच सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं तोंडावर चादर ओढून घेतली. तो दिवस असा होता की मला तिच्याजवळ बसायलाही सवड मिळाली नाही.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, एका सकाळी नांदेडच्या केंद्रात बुरख्यातली एक बाई समोर येऊन बसली. सोबत नवरा होता. बाई म्हणाली, "मॅडम, वळखलं का? माझी पिशवी तुमीच काढलती."

भांडायला आलीय असंच वाटलं. पण ती शांत होती. भूकंपात तिचं सगळं घर गेलं होतं. नवरा सलीम त्या रात्री कामानिमित्त लातूरला होता म्हणून वाचला. दोघं लातूरलाच राहिले. तिकडं क्लासेसचं पीक आलं होतं. डॉक्टर-इंजिनियर व्हायला गावोगावची पोरं येऊन खोल्या करून राहत होती. फरहतनं त्यांच्यासाठी खानावळ काढली, सलीमनं शेजारी झेरॉक्सचं दुकान टाकलं. "लोकाची लेकरं जेवू घालून राहिले, मॅडम," ती म्हणाली. "दोन वर्षं जेवतेत, नंबर लागला की पेढे देऊन जातेत." भूकंपात पोरकं झालेलं एक लेकरू तिनं काही महिने सांभाळलंही होतं. नंतर त्याचा चुलता येऊन त्याला घेऊन गेला.

तपासलं तर बीजांडकोश उत्तम काम करत होते. मी तिला खरं ते सांगितलं: बीजांडं तुझी, बीज सलीमचं, गर्भ तुमचाच होईल, पण तो वाढवायला दुसऱ्या बाईची पिशवी लागेल. त्या काळी अशा बायका मिळत. त्याबद्दलचा सरकारी कायदा अजून झाला नव्हता. ती म्हणाली, विचारून सांगते. कुणाला विचारणार ते मला ठाऊक होतं. आमच्या नांदेडातल्याच एका मदरशात एक वयस्क मुफ्ती होते, मुफ्ती म्हणजे धर्माच्या कायद्याचा निवाडा सांगणारे. बहुतेक जोडपी त्यांच्याकडंच जात.

दुसऱ्या दिवशी तिनं उत्तर आणलं. "न्हाई म्हणाले. म्हणे मियाँ-बीवीच्या मधी तिसरी बाई चालत न्हाई. तिचं पोट परकं."

मी म्हटलं, "मग आता?"

"बघते," ती म्हणाली, आणि गेली. मी मनात तिचा कागद मिटला.

काही महिन्यांनी ती परत आली. या वेळी सलीमबरोबर आणखी एक बाई होती, पंचविशीची, सडपातळ, नजर जमिनीवर. फरहतनं तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाली, "ही नसरीन. जळकोटची. मागच्या महिन्यात हिचा आणि ह्यांचा निकाह लावून दिला मी. आता ही तिसरी न्हाई ऱ्हायली, मॅडम. घरातलीच झाली. आता हिच्या पोटात माझं लेकरू ठिवा."

मी डॉक्टर होऊन बरीच वर्षं झाली होती. माणसं किती थराला जातात ते पाहिलं होतं. तरी हे नवीन होतं. सवत येणार म्हटलं की बायका जीव द्यायला विहिरीवर जातात हे ऐकलेलं. इथं एक बाई धर्माच्या कायद्याची अट पुरी करायला स्वतःच्या हातानं सवत घेऊन आली होती. मी सलीमकडं पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडं बघत होता.

"हीच कशाला?" मी विचारलं.

"हिला पहिल्या घरून तलाक मिळालाय. मूल न्हाई झालं म्हणून. हिचं हिला होत न्हाई, पण पोट तर चांगलं असंल की. म्हणून तर आणली."

मी त्या दोघांना बाहेर बसवलं आणि नसरीनशी एकटीशी बोलले. आमच्या कामात हे करावंच लागतं. ज्या बाईच्या अंगावर उपचार व्हायचा, तिच्या तोंडून हो यायला हवं. तिला विचारलं, तुझ्यावर जबरदस्ती तर नाही?

"न्हाई," ती म्हणाली. "फरहतबाजीनं समदं आधी सांगितलं, मग इचारलं. भावाच्या घरी भांडी घासून राहिले होते मी. भावजय पाव्हण्यांपुढं मला वांझ म्हणायची. हिथं मला ताटात वाढून देतेत." जरा थांबून तिनं विचारलं, "पण मॅडम, त्या लेकराची अम्मी कोण? पोटातून काढंल ती, का जिचं अंडं ती? मला कुणाला इचारायचं धाडस न्हाई. तुमी सांगता का?"

मला सांगता येईना. विज्ञानाचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण तिचा प्रश्न विज्ञानाचा नव्हता. तपासण्या लिहून देऊन मी त्यांना पुढची तारीख दिली, आणि आमच्या भूलतज्ज्ञांच्या ओळखीनं स्वतः मुफ्तीसाहेबांना भेटायला गेले.

पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. खोलीत पुस्तकांच्या राशी, कोपऱ्यात सुरई. त्यांनी मला आधी सगळी क्रिया पायरी-पायरीनं विचारली. बीजांड बाहेर किती वेळ जगतं, बशीवर नाव कोण घालतं, उरलेल्या गर्भांचं काय करता. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या डॉक्टरांनी इतके नेमके प्रश्न क्वचित विचारले. मग मी फरहतनं काय केलं ते सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. माझ्याइतकेच तेही हादरले होते.

"डॉक्टर साहिबा," ते म्हणाले, "मैंने उसे मना किया था. निकाह करा लाओ, ये मैंने नहीं कहा था." मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "हमारी बात का लोग क्या क्या बना लेते हैं."

मी विचारलं, आता ती दुसरी बायकोच आहे, तर चालेल का? ते म्हणाले, या मुद्द्यावर बड्या उलेमांमध्येही खल झाला होता. एकदा अशी परवानगी देऊन, पुन्हा विचार करून ती मागं घेतली होती. का, विचारलं तर म्हणाले, "सोचिए. दूसरी भी बीवी है, शौहर उसके पास जाएगा, उसका हक है. कल हमल ठहरा, पेट से हुई, तो वो बच्चा आप का रखा हुआ है, या उसका अपना?"

मी म्हटलं, तपासणीनं कळतं.

"कळतं," ते मराठीत म्हणाले. "मगर जिस घर में माँ कौन है ये लॅबवाले से पूछना पड़े, उस घर में बच्चा कैसे पलेगा? और कुरआन में माँ वो है, जिसने जना. फरहतबी का अंडा होगा, तब भी माँ नसरीन होगी. उसे ये किसी ने बताया?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर आलं. पुढच्या तारखेला तिघं आले तेव्हा मी मुफ्तीसाहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. फरहतला राग आला. तिचा राग मी पहिल्यांदा पाहिला. आवाज चढला नाही, फक्त ओठ पांढरे पडले.

"आधी म्हणले तिसरी चालत न्हाई. तिसरीची मी दुसरी केली. माझ्या हातानं हिला मेंदी लावली, मॅडम. आता म्हणतेत दुसरी बी चालत न्हाई. अंडं माझं आणि आई ही? मग मी कोण, खानावळवाली?"

सलीम म्हणाला, "फरहत, जाऊ दे."

"तुमी गप बसा." मग मला म्हणाली, "तुमच्या कायद्यात बसतंय ना? मग तुमी करा. माझं मी बघून घेईन वर."

ती इतकी ठाम होती की मी वेळ काढायला म्हटलं, आधी नसरीनच्या पिशवीची सोनोग्राफी तर करू, अस्तर कसं आहे बघू. हे नेहमीचंच काम. नसरीनला टेबलावर घेतलं, फरहत तिच्या डोक्याशी उभी राहिली. पडदा दोघींना दिसेल असा वळवणं ही माझी सवय होती. मी यंत्र पोटावर टेकवलं.

पिशवी रिकामी नव्हती.

आत गर्भ होता, दीड महिन्याचा असावा. त्याचं काळीज लुकलुकत होतं. मूल होत नाही म्हणून जिला सोडलं होतं, जिचं पोट फक्त जागा म्हणून आणलं होतं, तिला आपसूक दिवस गेले होते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी मदरशातल्या खोलीत जी शंका मला निव्वळ पुस्तकी वाटली होती, ती समोर पडद्यावर धडधडत होती. आम्ही ठरल्याप्रमाणं पुढं गेलो असतो तर आई कोण हे खरोखरच लॅबवाल्याला विचारावं लागलं असतं.

मी काही बोलायच्या आत फरहत म्हणाली, "हे ह्यांचं हाय ना?"

"होय," मी म्हटलं. "सलीमचं आणि नसरीनचं."

नसरीन हमसून रडायला लागली. आनंद होता, भीती होती, काय काय होतं कोण जाणे. "बाजी, मला ठाव नव्हतं," एवढंच ती म्हणत राहिली. फरहतनं आपल्या ओढणीच्या टोकानं तिच्या पोटावरचा जेल पुसला. कपडे नीट केले. हात देऊन तिला टेबलावरून खाली उतरवलं. मग एकटीच बाहेर गेली, रिक्षा केली आणि स्टँडवर निघून गेली.

सलीम दारात उभा होता. त्याला सांगितलं तेव्हा तो बाकावर बसला. मग मान वर न करता म्हणाला, "मॅडम, मी निकाह केलाय. नाटक न्हाई केलं."

त्याचं चुकलं असं म्हणायला कुठलाच कायदा नव्हता, ना त्याचा ना माझा.

पुढचे महिने तपासणीला सलीम आणि नसरीनच येत. फरहत कशी आहे विचारलं की दोघं एकमेकांकडं बघत. "सैपाक करती," नसरीन सांगे. "माझं ताट झाकून ठिवती. बोलत न्हाई." नसरीनचं वजन मात्र चांगलं वाढत होतं.

आणि मग पाचव्या महिन्याच्या सुमाराला फरहत एकटीच आली. खुर्चीवर टेकली नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, "एक इचारायचंय. पिशवी नसलेल्या बाईला दूध येतं का?"

मी तिला बसवलं. दूध पिशवीत तयार होत नाही. ते स्तनांत, मेंदूतून येणाऱ्या संदेशांनी तयार होतं. गोळ्या देऊन आणि दिवसातून अनेकदा पंप लावून, न बाळंतलेल्या बाईलाही ते आणता येतं. कधी येतं, कधी नाही. मी तोवर दोनदाच प्रयत्न केला होता, दोन्ही दत्तक आया होत्या. फरहतनं फक्त एवढंच विचारलं, "तरास किती?" मी म्हटलं, बराच. ती म्हणाली, "करू."

तिला दूध कशाला हवं होतं ते मला नंतर कळलं. त्यांच्या धर्मात दुधाचं नातं रक्ताच्या नात्यासारखं मानतात. तान्ह्या बाळाला जिनं पाजलं, ती त्याची आई होते, दूध-आई. गोड बोलायची ही रीत नव्हे, कायद्यानं होते.

खानावळीचं काम सांभाळून तिनं ते सगळं केलं. छाती सुजायची, ठणकायची, हाती काही लागायचं नाही. शेवटच्या महिन्यात पंपाच्या बाटलीच्या तळाला थोडा ओलावा दिसायला लागला. नसरीनला मुलगी झाली, नांदेडलाच, आमच्याच केंद्रात. तिसऱ्या दिवशी नसरीननं स्वतः ती उचलून फरहतच्या मांडीवर ठेवली. मी शेजारी होते. पोरीनं तोंड लावलं, ओढलं, पुन्हा ओढलं. तिच्या कोवळ्या घशावरून एक हालचाल सरकताना मी पाहिली. एकदा. मग ती रडू लागली आणि नसरीननं तिला घेतलं. त्यानंतर फरहतचं होतं नव्हतं तेही आटलं. आठवडाभर आम्ही धडपडलो. शेवटी मी तिला म्हटलं, "फरहत, आता औषधं बंद करू. हा उपचार फसला."

दोघी पुढं गोडीगुलाबीनं नांदल्या असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांच्यात अबोले झाले, एकदा चूल वेगळी झाली, पुन्हा एक झाली. पोरगी दोन्ही घरांत वाढली. निवृत्त होण्याआधी मी एकदा फरहतला विचारलं होतं, सवत आणल्याचा पस्तावा होतो का. "रोज व्हतो," ती म्हणाली, "आन पोरगी शाळंतून आली की ऱ्हात न्हाई." तिला मी निरनिराळी किती दुःखं दिली आणि त्यातली किती टाळता आली असती, हा हिशेब मला अजून लागलेला नाही.

पण त्या दिवशी, उपचार फसला असं मी म्हटलं तेव्हा, फरहत हलली नाही. म्हणाली, "मुफ्तीसाबांना तुमी फोन लावा. ते तुम्हालाच इचारणार हायत. मी आत्ता तिकडूनच आले."

मी फोन लावला. त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही. "डॉक्टर साहिबा, आपने खुद देखा? दूध पेट में गया?"

"गिळताना पाहिलं," मी म्हटलं. "पण एकच घोट असेल. तोही नीट नाही. नंतर दूध आलंच नाही."

"एक घोट? यकीन है?"

"आहे."

"तो बस. हमारे मसलक में, हम जिस पंथ के हैं उस में, घूँटों की गिनती नहीं होती. एक भी काफी है. वो माँ हो गई."

ज्या माणसानं दोनदा नाही म्हटलं होतं, त्यानं आता हो म्हटलं, तेही माझ्या फसलेल्या उपचाराच्या जोरावर. फरहत माझा चेहरा वाचत होती. तिनं हळूच विचारलं, "त्यांना इचारा, हे पुन्हा कुणाला काढून घेता येतं का? तलाकबिलाक झाला तर?"

मी विचारलं.

"उससे कहिए, निकाह टूट सकता है. ये नहीं टूटता."

मी ते तिला मराठीत सांगितलं. तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.